नहरीचें पाणी आणि घरचें इंटरनेट

आपल्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, शाळेच्या सहलीबरोबर पाणचक्की पाहावयास न गेलेला विद्यार्थी विरळाच. हौदांत कोसळणारें पाणी आपण पाहतों, वडाच्या सावलींत घटकाभर बसतों, आणि डबा खाऊन परत येतों. परंतु हें पाणी येथवर आलें कसें, आणि इतकीं वर्षें तें वाहतें कोणी ठेवलें, हा प्रश्न आपणांपैकीं फार थोड्यांस सुचतो. प्रस्तुत लेखाचा विषय पाणचक्की हा नाहीं; पण ज्या विषयाकडे आम्हांस वाचकांस न्यावयाचें आहे, त्याची वाट या प्रश्नावरूनच जाते.

इ. स. १६१० मध्यें मलिक अंबरानें खडकी येथें शहर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें. वस्ती वाढूं लागली तसें पाणी अपुरें पडूं लागलें. तेव्हां डोंगराकडील पाणी जमिनीखालून शहरांत आणण्यासाठीं त्यानें नहर बांधविली. ती आजही नहर-ए-अंबरी या नांवानें ओळखली जाते. पंप नाहीं, इंजिन नाहीं. केवळ उताराच्या बळावर पाणी मैलोगणती चालत आलें. वाटेंतील दाब व कोंडलेली हवा यांची व्यवस्था लागावी म्हणून जागोजाग उंच बंबे उभारले गेले. पुढें आणखीही नहरी झाल्या; पाणचक्कीची नहर ही त्यांपैकींच, अठराव्या शतकांतील. नहर बांधणें हें राजाचें किंवा धनिकाचें काम होतें. परंतु ती उपसणें, फुटलेली नळी बदलणें, बंब्याची डागडुजी करणें, हें काम दरसाल चालावयास हवें होतें. जेथें तें थांबलें तेथें नहर गाळानें भरली, तिच्यावर घरें उभीं राहिलीं, आणि बंबे कोरडे पडले. सारांश, खोदणारा एक असतो. राखणारे पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

आजच्या काळांत अशीच एक नवी नहर आपल्या दारापर्यंत येत आहे. ती इंटरनेटची होय. तिची रचना विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगी आहे. केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाश पाठविला जातो, आणि त्या प्रकाशाच्या अतिशय जलद लुकलुकण्यांत मजकूर, आवाज व चित्रें सांठविलेलीं असतात. केंद्रापासून निघालेला एक तंतु वस्तींतील एका पेटीपाशीं येतो. तेथें त्याच्या शाखा होऊन त्या बहुधा ३२ किंवा ६४ घरांकडे जातात. घरांत बसविलेलें लहानसें यंत्र त्या प्रकाशाचें विजेच्या संकेतांत रूपांतर करतें, आणि वाय-फायच्या द्वारें तें घरांतील फोनांस व संगणकांस मिळतें. या रचनेंतच आपल्या विषयाचें मर्म आहे. तंतु पुरण्याचा खर्च मोठा, पण एकदांचा. तो चालू ठेवण्याचा खर्च लहान, पण कधींही न संपणारा. पहिला खर्च सरकारें व कंपन्या करूं शकतात. दुसरा खर्च दर महिन्यास कोणाच्या तरी खिशांतून जावा लागतो. सरकारी मदत असेल तोंवर तो खिसा सरकारचा असतो. मदत सरली म्हणजे तो खिसा कोणाचा, हाच आजचा प्रश्न आहे.

कित्येक पालक म्हणतील कीं, इंटरनेट ही चैन आहे. ती न परवडली तर नसली म्हणून काय बिघडलें? दहा वर्षांपूर्वीं या बोलण्यांत कांहीं तथ्य असेल. आज तें राहिलेलें नाहीं. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां ज्या घरांत इंटरनेट होतें त्या घरांतील मुलांची शाळा थोडीफार तरी चालू राहिली. ज्या घरांत नव्हतें तेथील मुलांची पुरती थांबली. आतां शाळा भरत आहेत, तरीही २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रांत ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागला. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशपरीक्षेची नोंदणी, निकाल, इतकेंच काय पण नोकरीची जाहिरात, हीं सर्व त्याच वाटेनें येतात. ज्याच्या घरीं ही वाट नाहीं, त्यास प्रत्येक वेळीं दुकानाच्या रांगेंत उभें राहून पैसे मोजावे लागतात, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीं तें दुकान बंद असल्यास वर्ष वायां जाण्याची पाळी येते.

“पण घरांत मोबाइल आहेच कीं,” असें दुसरे पालक म्हणतात. खरें आहे, पण तो मोबाइल कोणाचा? वडील वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीस निघाले म्हणजे फोन त्यांच्या खिशांतून जातो, आणि त्याबरोबर घरचें इंटरनेटही जातें. मुलाच्या अभ्यासाची वेळ संध्याकाळची, आणि फोन घरीं येण्याची वेळ मध्यरात्रीची! शिवाय दिवसास एक-दीड जी. बी. डेटा मिळतो, धड्याचें चलच्चित्र तासभर पाहिल्यास त्याचा मोठा भाग संपतो, आणि दोन भावंडें असल्यास कलह ठरलेला. पाण्याच्या टंचाईचा अनुभव असलेल्या आपल्या शहरास हें दुसऱ्या रीतीनें सांगतां येईल. मोबाइलचा डेटा हें टँकरचें पाणी आहे. तंतूची जोडणी हा घरांतील नळ आहे. टँकरनें तहान भागते, पण संसार नळावर चालतो.

आतां सरकारी मदतीकडे वळूं. आपल्या देशांत तिचा भर नहर खोदण्यावर राहिला आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचे ५ टक्के घेऊन एक सार्वत्रिक सेवा निधि २००२ पासून चालविण्यांत आला. २०२४ मध्यें त्यास डिजिटल भारत निधि असें नवें नांव मिळालें. याच निधींतून, २०११ च्या ऑक्टोबरांत मंजूर झालेल्या व पुढें भारतनेट या नांवानें प्रसिद्ध झालेल्या योजनेखालीं, सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत तंतु नेण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तंतु पोहोंचले त्या अनेक ठिकाणीं पुढची अडचण उभी राहिली: रस्ता खणतांना तंतु तुटतो, वीज जाते, यंत्र बिघडतें, आणि दुरुस्तीस कोणी येत नाहीं. नहरीचीच गोष्ट पुन्हां! ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यांत दहा वर्षांच्या देखभालीचीही तरतूद केली आहे. राखणारा नेमल्यावांचून खोदणें व्यर्थ, हा धडा या तरतुदींत दिसतो.

मासिक खर्चाच्या मदतीचा अनुभवही आपल्याकडे अगदींच नाहीं असें नव्हे. २५ डिसेंबर २०१९ रोजीं त्या वेळचे केंद्रीय दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनीं असें जाहीर केलें कीं, भारतनेटनें जोडलेल्या सर्व खेड्यांस मार्च २०२० पर्यंत वाय-फाय मोफत मिळेल. लोकांस चटक लागावी व मग त्यांनीं वर्गणीदार व्हावें, असा अशा सवलतीचा साधारण हेतु असतो. दैवगति अशी कीं, ज्या मार्च महिन्यास ती सवलत संपावयाची, त्याच महिन्यांत शाळांचे दरवाजे लागले. म्हणजे ज्या क्षणीं गरज सर्वांत मोठी झाली, तोच क्षण कागदावर मदतीचा शेवटचा ठरला होता. मदतीची मुदत पंचांग पाहून ठरते. गरज मात्र पंचांग पाहत नाहीं.

याच प्रश्नाचें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथें महामारीच्या काळांत, २०२१ मध्यें, गरीब कुटुंबांच्या इंटरनेटच्या बिलास सरकारी मदत सुरू झाली, आणि त्या वर्षाअखेर ती दरमहा ३० डॉलर या दरानें नव्या योजनेंत चालूं लागली. २ कोटी ३० लक्षांहून अधिक घरें तींत सामील झालीं. म्हणजे त्या देशांतील साधारण सहा घरांमागें एक. परंतु योजनेस कायमचा झरा नव्हता. एकदां भरून दिलेला हौद होता. तो आटत चालला तेव्हां फेब्रुवारी २०२४ मध्यें नवे अर्ज घेणें बंद झालें, एप्रिल हा पूर्ण मदतीचा शेवटचा महिना ठरला, आणि कायदेमंडळानें आणखी पैसा न दिल्यामुळें १ जून २०२४ रोजीं योजना संपली. ज्या घरीं बिल जवळजवळ शून्य येत होतें, तेथें एकाएकीं तीस डॉलरांचा आंकडा आला. जगांतील अत्यंत श्रीमंत राष्ट्रांत ही स्थिति, मग आपली कथा काय!

यानंतर तेथें काय झालें, हें शिकण्यासारखें आहे. कांहीं कंपन्यांनीं स्वतःहून अल्प दराच्या योजना कांहीं काळ चालू ठेवल्या. न्यूयॉर्क राज्यानें दुसरा मार्ग धरला. २०२१ मध्यें केलेला व न्यायालयांत अडकलेला तेथील कायदा जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. त्यान्वयें कंपन्यांनीं पात्र गरीब कुटुंबांस १५ किंवा २० डॉलरांत ठराविक वेगाचें इंटरनेट देऊं करावें लागतें. येथें भार सरकारी तिजोरीवर नसून कंपनीवर आहे. त्याचीही दुसरी बाजू आहे: एका मोठ्या कंपनीनें त्याच महिन्यांत आपली एक घरगुती सेवा त्या राज्यापुरती बंद केली. आपल्याच देशांत केरळ राज्यानें जून २०२३ मध्यें स्वतःचें तंतुजाल सुरू करून २० लक्ष गरीब कुटुंबांस मोफत जोडणी देण्याचा संकल्प सोडला व पहिल्या टप्प्यास १४,००० घरें घेतलीं. तिजोरी, कंपनी, राज्याचें स्वतःचें जाल: मार्ग तीन, पण प्रत्येकास विचारावयाचा प्रश्न एकच. दहाव्या वर्षीं याचा खर्च कोण देईल?

इतकें पाहिल्यावर आपण आपल्या घरचा हिशेब मांडूं. विद्यार्थ्यांनीं वही काढावी. मुकुंदवाडींतील किंवा रांजणगांवांतील एक कुटुंब कल्पूं. मासिक प्राप्ति १५,००० रुपये, दोन फोन, शाळेंत जाणारीं दोन मुलें. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगानें २०२५ सालासाठीं असें ध्येय ठरविलें होतें कीं, प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आंत असावा. तोच दंडक या घराच्या प्राप्तीस लावल्यास ३०० रुपये येतात. तंतूच्या जोडणीचा दर उदाहरणादाखल ३९९ रुपये धरूं. त्यावर १८ टक्के कर मिळून सुमारे ४७१ रुपये होतात. हें प्राप्तीच्या ३ टक्क्यांहून अधिक झालें, म्हणजे दंडकाबाहेर. भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑगस्ट २०२१ मध्यें अशी शिफारस केली होती कीं, ग्रामीण भागांतील वर्गणीदारांस वर्गणीच्या निम्मी, पण २०० रुपयांहून अधिक नव्हे, अशी रक्कम थेट खात्यांत परत देण्याचा प्रयोग करावा. तशी मदत मिळाल्यास वरील ४७१ चे सुमारे २७१ होतील व दंडक पाळला जाईल. मदत गेली कीं तें घर पुन्हां रेषेबाहेर पडेल. शिफारस ही आज्ञा नव्हे, हें मात्र ध्यानांत असावें.

मग मदतीवांचून या घरानें काय करावें? येथें हिशेब थोडा बारकाईनें केला पाहिजे. मोबाइलचा पुष्कळसा रिचार्ज २८ दिवसांचा असतो. ३६५ भागिले २८ केल्यास १३ येतात. म्हणजे वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा! ३०० रुपयांचा रिचार्ज धरल्यास एका फोनास वर्षाकांठीं ३,९०० व दोहोंस ७,८०० रुपये लागतात. दुसरीकडे घरीं तंतूची जोडणी घेतली तर वर्षाचे ४७१ गुणिले १२, म्हणजे ५,६५२ रुपये होतात. प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानें कंपन्यांस केवळ बोलणें व संदेश यांपुरत्या योजना देणें भाग पडलें आहे. अशी योजना वर्षास फोनमागें सुमारे १,८०० रुपये धरल्यास दोन फोनांचे ३,६०० झाले. एकूण बेरीज ९,२५२ रुपये. पूर्वीच्या खर्चाहून ती १,४५२ रुपयांनीं अधिक आहे. म्हणजे महिन्यास १२१ रुपये, किंवा दिवसास सुमारे चार रुपये.

हा हिशेब प्रामाणिकपणें वाचला पाहिजे. तंतूची जोडणी स्वस्त पडते असें आम्ही म्हणत नाहीं. ती थोडी महागच पडते. शिवाय वडील बाहेर असतांना त्यांच्या फोनवर इंटरनेट चालणार नाहीं, ही गैरसोय आहेच, आणि आरंभीं कंपनी अनामत किंवा जोडणीचा खर्च मागते तो निराळा. परंतु घराचा खरा प्रश्न ४७१ रुपयांचा नसून १२१ रुपयांचा आहे, हें एकदां कळलें म्हणजे निर्णय भीतीनें न होतां विचारानें होतो. ज्या घरास हे १२१ रुपयेही जड आहेत त्यानें कर्ज काढून जोडणी घेऊं नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आजही खोटी झालेली नाहीं.

अशा घरासाठीं दुसरा मार्ग आहे, आणि तो आपल्या वडीलधाऱ्यांस परिचितही आहे. त्यांच्या तरुणपणीं घरोघर टेलिफोन नव्हता. तरी कोपऱ्यावरील एस. टी. डी., पी. सी. ओ. च्या पिवळ्या पाटीखालीं उभें राहून गरिबांतला गरीबही मुंबईस बोलत असे. त्याच धर्तीवर डिसेंबर २०२० मध्यें पीएम-वाणी ही योजना मंजूर झाली. तींत किराणा दुकानदार किंवा चहावाला यास परवान्यावांचून व नोंदणीच्या फीवांचून सार्वजनिक वाय-फायचें केंद्र चालवितां येतें व अल्प दरांत डेटा विकतां येतो. आरंभीं अशा दुकानदारांकडून कंपन्या व्यापारी दर मागत, म्हणून तीं केंद्रें अपेक्षेप्रमाणें पसरलीं नाहींत. जून २०२५ मध्यें प्राधिकरणानें मर्यादा घातली कीं, २०० एम. बी. पी. एस. पर्यंतच्या घरगुती तंतुयोजनांसाठीं अशा केंद्राकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक घेऊं नये. आपल्या वस्तींतील एखाद्या होतकरू दुकानदारास ही माहिती देणें हेंही समाजकार्यच होय. मात्र आपल्या घरची साधी जोडणी शेजाऱ्यांस विकणें हें कराराविरुद्ध असतें. तो आडमार्ग कोणी धरूं नये. त्यापेक्षां वाचनालयांत, समाजमंदिरांत किंवा इमारतीच्या सामाईक खोलींत, संस्थेच्या नांवें रीतसर जोडणी घेऊन संध्याकाळचे दोन तास अभ्यासिका चालविणें सर्वांस हितकर आहे. थेंबें थेंबें तळें सांचे, तसें दहा घरांच्या अल्प वर्गणींत एक दिवा तेवत राहतो.

मदत संपल्यावरही सेवा कशी टिकते, याचा एक दाखला रेल्वेचा आहे. जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल कंपनीच्या साह्यानें मोफत वाय-फाय सुरू झालें व पुढें तें चारशेंहून अधिक स्थानकांवर पसरलें. २०२० मध्यें त्या कंपनीनें आपला हात काढून घेतला. तरी सेवा बुडाली नाहीं. कारण रुळांकांठचा तंतु रेलटेल या रेल्वेच्याच कंपनीचा होता. तिनें सेवा चालू ठेवली, आणि २०२१ मध्यें पहिला अर्धा तास फुकट व पुढें अल्प मोबदला अशी व्यवस्था लावली. देणारा गेला, पण राखणारा घरचा होता. म्हणून नहर कोरडी पडली नाहीं.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, कोणतीही सवलत घेतांना पहिल्याच दिवशीं दोन गोष्टी विचाराव्यात: ही कोणत्या तारखेस संपेल, आणि त्यानंतर करासह किती पडेल. मिळालेलें उत्तर भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. सवलतीच्या काळांत वांचलेले पैसे थोडे थोडे बाजूस टाकावे, म्हणजे पुढील दोन-तीन महिन्यांची वर्गणी हाताशीं राहील. आणि जी जोडणी अभ्यासासाठीं म्हणून घेतली, ती रात्रभर करमणुकीसाठीं जळत नाहीं ना, इकडेही लक्ष असावें. याच बरोबर हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे कीं, सारा भार गरिबाच्या काटकसरीवर टाकून समाजास मोकळें होतां येणार नाहीं. ज्या सरकारनें प्रवेशाचा दरवाजा इंटरनेटवर नेला, त्यानें त्या दरवाजापर्यंतची वाटही सर्वांस परवडेल अशी ठेवली पाहिजे. आणि तशी मागणी सभ्य शब्दांत पण ठामपणें करणें हा नागरिकांचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढील सहलीस पाणचक्कीवर जाल तेव्हां केवळ पाणी पाहूं नका. ज्यांनीं तिची नळी दुरुस्त केली व तिच्यांतील गाळ काढला, त्या अज्ञात हातांचेंही स्मरण करा. आणि घरीं परतल्यावर वर मांडलेला हिशेब आपल्या घरचे खरे आंकडे घालून, आईवडिलांजवळ बसून, एकदां स्वतः करून पाहा. नहर राखण्याचें काम तेथूनच सुरू होतें.